आयएनआरची वही: गुठळीरोधक गोळी घरी कशी सांभाळावी

"ताई, रक्त किती पातळ झालंय?" रक्ततपासणी प्रयोगशाळेच्या खिडकीमागे बसून मी तेवीस वर्षे काढली आणि गुठळीरोधक गोळी चालू असल्याने आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला नेहमीच्या किती पट वेळ लागतो ते सांगणाऱ्या आकड्याचा, अहवाल न्यायला आलेल्या बहुतेकांनी मला हाच प्रश्न विचारला. पुढे माझे वडील हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी याच गोळीवर आले आणि शेवटची नऊ वर्षे त्यांच्या गोळीचा हिशेब मी घरी सांभाळला, तेव्हा या प्रश्नातला 'पातळ' हा शब्द किती घोटाळा करतो ते नीट कळले. वॉरफरिन किंवा अॅसिट्रॉम या गुठळीरोधक गोळ्या घेतल्याने रक्तात पाणी वाढत नाही, हिमोग्लोबिन उतरत नाही आणि रक्ताचा दाटपणाही बदलत नाही. बदलतो तो फक्त रक्त गोठायला लागणारा वेळ. 'पातळ' म्हटले की 'अशक्त' हा शब्द आपोआप मागून येतो, आणि मग थकवा वाटला म्हणून गोळी अर्धी करणारे, थंडीत रक्त आणखी पातळ होईल म्हणून ती बंद ठेवणारे आणि बीट-डाळिंब खाऊन ते 'घट्ट' करू पाहणारे लोक खिडकीपाशी भेटतात.

हा लेख अशा गोळीवर असलेल्या माणसासाठी आणि त्याहून अधिक त्याच्या घरी गोळ्यांचा डबा भरणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि ते त्यांच्याकडेच राहिले पाहिजे. पण डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटे भेटतात आणि उरलेला महिना घरातच काढायचा असतो.

पहिली पायरी: गोळी कशासाठी आहे, ते एका वाक्यात लिहून घ्या

ऐकायला ही पायरी क्षुल्लक वाटते, पण बराच गोंधळ इथूनच सुरू होतो. 'हृदयाची गोळी' एवढे उत्तर पुरेसे नाही. वहीच्या पहिल्या पानावर कारण स्पष्ट शब्दांत असावे: एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, किंवा संधिवाताच्या तापामुळे अरुंद झालेली मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली), किंवा बसवलेली धातूची कृत्रिम झडप, किंवा पायाच्या खोल शिरेत अथवा फुप्फुसात झालेली गुठळी. या चौघांची औषधे, आयएनआरची मर्यादा आणि उपचाराची मुदत एकसारखी नसते. पायातल्या गुठळीसाठी कधी कधी तीन महिने पुरतात, तर धातूच्या झडपेला जन्मभर गोळी लागते. शेजाऱ्यांची गोळी सहा महिन्यांत बंद झाली म्हणून आपणही ती बंद करावी हा विचार किती घातक ठरू शकतो, हे या एका फरकातून लक्षात यावे.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये पक्षाघात का होतो, तेही समजून घ्यावे. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरत राहिला की त्यातले रक्त रेंगाळते, विशेषतः डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी जी एक छोटी पिशवी असते तिच्यात. झडपेचा आजार नसलेल्या रुग्णांमध्ये डाव्या कप्प्यातल्या सुमारे नव्वद टक्के गुठळ्या या पिशवीतच सापडतात. तिथून सुटलेला तुकडा रक्ताबरोबर थेट मेंदूकडे जाऊ शकतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घकालीन पाहणीतून 1978 साली जे आकडे पुढे आले त्यांनुसार अशा अनियमित ठोक्यांमुळे पक्षाघाताची शक्यता पाचपटीहून अधिक होते, आणि त्याला संधिवाताच्या तापातून बिघडलेल्या झडपेची जोड असेल तर ती सुमारे सतरापट होते. आपल्याकडे हा झडपेचा आजार अजून संपलेला नाही, म्हणून दुसरा आकडा आपण अधिक गांभीर्याने वाचायला हवा.

झडप ठीक आहे पण ठोके अनियमित आहेत, अशा माणसाला गोळी लागेल की नाही हे डॉक्टर गुणांवरून ठरवतात. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 साली स्वीकारलेल्या पद्धतीत हृदयाची दुर्बलता, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचा आजार यांना प्रत्येकी एक गुण आहे, 65 ते 74 या वयाला एक, 75 व त्यापुढील वयाला दोन, आणि पूर्वी पक्षाघात होऊन गेला असेल तर दोन. बेरीज दोन किंवा अधिक आली तर गुठळीरोधक औषध द्यावे असा सल्ला आहे; एक आली तर विचार करावा. सत्तरीतल्या रक्तदाबाच्या रुग्णाचे दोन गुण त्याच्याही नकळत भरलेले असतात. धातूची झडप किंवा बरीच अरुंद झालेली मायट्रल झडप असेल तर ही बेरीज करण्याचे कारणच नाही, गोळी लागतेच.

आपले ठोके नियमित आहेत की नाही हे घरी चाचपून पाहता येते. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवावीत आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी पाहावी. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये, कारण इथे संख्येपेक्षा ताल महत्त्वाचा आहे. ठोके कधी लगबगीने, कधी थांबून, कसलाच मेळ नसल्यासारखे लागत असतील तर ईसीजी काढून घ्यावा.

दुसरी पायरी: आपली गोळी कोणत्या घराण्यातली आहे, ते ओळखा

या औषधांची दोन घराणी आहेत. पहिले जुने, क जीवनसत्त्वाशी नव्हे तर 'के' जीवनसत्त्वाशी झगडणारे. त्यात वॉरफरिन आणि अॅसिनोकुमॅरॉल येतात. यांतले अॅसिनोकुमॅरॉल आपल्याकडे अॅसिट्रॉम या नावाने घराघरात माहीत आहे. दुसरे घराणे नवे: डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन आणि एडोक्साबॅन.

जुन्या घराण्याचा उगम गोठ्यातला आहे. 1920 च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या कुरणांवर बुरशी लागलेला 'स्वीट क्लोव्हर' हा चारा खाल्लेली जनावरे साध्या शिंगकाप्यानेही रक्तस्राव होऊन दगावू लागली. फेब्रुवारी 1933 मध्ये विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची किटली घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. त्या रक्तामागचे द्रव्य वेगळे काढायला लिंक यांच्या चमूला सहा-सात वर्षे लागली. पुढे त्याच कुळातले वॉरफरिन 1948 मध्ये आधी उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि 1954 मध्ये माणसांसाठी औषध म्हणून. 'हे उंदीर मारायचे औषध आहे' असे सांगून नातेवाईक रुग्णाला घाबरवतात, ती गोष्ट खोटी नाही, फक्त अर्धी आहे. मात्रा आणि मोजमाप यांनी विषाचे औषध झाले, आणि आयएनआर हेच ते मोजमाप.

यकृतात रक्त गोठवणारे काही घटक तयार होतात; त्यांपैकी दुसरा, सातवा, नववा आणि दहावा या चौघांना शेवटचा हात फिरवण्यासाठी 'के' जीवनसत्त्व लागते. वॉरफरिन आणि अॅसिट्रॉम त्या जीवनसत्त्वाचा पुनर्वापर रोखतात. सातवा घटक काही तासांत निम्मा होतो, पण दुसऱ्याला निम्मे व्हायला जवळपास अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून आज मात्रा बदलली तर उद्याचा आयएनआर खरे चित्र दाखवत नाही, आणि म्हणूनच आज गोळी चुकली तर त्रासही आज होत नाही. या उशिरामुळे माणसे बेफिकीर होतात.

नवी औषधे गोठण्याच्या साखळीतल्या एकाच कडीवर थेट बोट ठेवतात, काही तासांत काम सुरू करतात आणि त्यांना आयएनआर लागत नाही. 2009 ते 2013 या काळात चार मोठ्या चाचण्यांत त्यांची वॉरफरिनशी तुलना झाली. झडपेचा गंभीर आजार नसलेल्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ती पक्षाघात टाळण्यात वॉरफरिनच्या तोडीची किंवा काहीशी सरस ठरली, आणि मेंदूतला रक्तस्राव मात्र त्यांनी जवळपास निम्म्यावर आणला. हा शेवटचा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो. पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किमतीही उतरल्या, त्यामुळे 'महाग म्हणून नको' हे कारण आता पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही.

मग सगळ्यांनाच नवी गोळी का देत नाहीत? कारण दोन ठिकाणी ती चालत नाही. धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रान वापरून पाहणारी चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. संधिवाताच्या तापातून आलेला झडपेचा आजार आणि एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या साडेचार हजारांवर रुग्णांवर भारतासह 24 देशांत 'इनव्हिक्टस' ही चाचणी झाली. नवी गोळी सोपी, म्हणून तीच जिंकेल अशी पुष्कळांची अटकळ होती. 2022 मध्ये निकाल आला तेव्हा रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या घराण्याच्या गोळ्यांवर असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू कमी झाल्याचे दिसले. त्यामुळे अशा रुग्णाच्या मुलाने परदेशातून फोन करून 'अजून तुम्हाला जुनीच गोळी देतात?' असे विचारले, तर त्याला हे सांगावे.

अॅस्पिरिन या दोन्ही घराण्यांत नाही. 'ती मोठी गोळी नको, अॅस्पिरिन तरी घेतो' ही तडजोड मी शेकडो वेळा ऐकली आहे. 2007 मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात एट्रियल फिब्रिलेशनमधला पक्षाघात वॉरफरिनने सुमारे 64 टक्क्यांनी घटला, तर अॅस्पिरिनसारख्या प्लेटलेटवर काम करणाऱ्या औषधांनी सुमारे 22 टक्क्यांनी. 2011 मधल्या एका चाचणीत, ज्यांना वॉरफरिन देता येत नव्हते अशा रुग्णांमध्ये एपिक्साबॅन आणि अॅस्पिरिन यांची तुलना झाली. तीत एपिक्साबॅनने पक्षाघात निम्म्याहून कमी केले आणि मोठा रक्तस्राव दोहोंत जवळपास सारखाच निघाला. म्हणजे अॅस्पिरिन घेऊन रक्तस्रावाची जोखीम तेवढीच राहते, संरक्षण मात्र बरेचसे जाते.

तिसरी पायरी: वही घाला

इथून पुढचा बराचसा भाग वॉरफरिन आणि अॅसिट्रॉम घेणाऱ्यांसाठी आहे. शंभर पानी साधी वही पुरते. वडिलांच्या वहीत मी पाच रकाने आखले होते: तारीख, आयएनआर, रोजची मात्रा, आठवड्याची बेरीज, आणि शेवटचा सर्वांत रुंद रकाना 'या आठवड्यात काय वेगळे घडले' असा. डॉक्टर सर्वांत आधी त्या शेवटच्या रकान्यावरूनच बोट फिरवत. 'तीन दिवस जुलाब', 'दाढदुखीसाठी गोळ्या', 'लग्नाला गावी, दोन दिवस गोळी राहिली' अशा नोंदी तिथे असाव्यात. चुकलेली गोळी लपवू नये. लपवली तर कमी आलेला आयएनआर पाहून डॉक्टर मात्रा वाढवतात आणि पुढच्या महिन्यात ती जास्त पडते.

मात्रा नेहमी मिलिग्रॅममध्ये लिहावी, गोळ्यांच्या संख्येत कधीही नाही. अॅसिट्रॉम 1, 2, 3 आणि 4 मिलिग्रॅममध्ये मिळते, आणि 'रोज एक गोळी' असे लिहिलेला कागद घेऊन गेलेल्या माणसाला दुकानात त्या दिवशी असेल ती पट्टी मिळू शकते. रंगावरही विसंबू नये, कारण कंपनी बदलली की रंग बदलतो. पट्टी हातात आल्यावर चष्मा लावून आकडा वाचावा आणि मगच पैसे द्यावेत.

आठवड्याची बेरीज का, ते उदाहरणाने सांगते. सोमवार ते शनिवार 2 आणि रविवारी 3 मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला 15. आयएनआर थोडा कमी आला आणि डॉक्टरांनी गुरुवारीही 3 करायला सांगितले, तर बेरीज 16 होते. ही वाढ सात टक्क्यांच्या आत आहे. हाच बदल कोणी घाईने 'रोज 3' असा केला तर बेरीज 21 होते, म्हणजे चाळीस टक्के वाढ. मात्रा बदलायची ती अशी चिमूटचिमूट, आणि परिणाम पाहायला काही दिवस द्यायचे. शेजारच्याला 4 मिलिग्रॅम लागते आणि आपल्याला 1 पुरते, यातही काही बिघडलेले नसते. ही गरज यकृतातली विकरे आणि 2004 मध्ये ओळखल्या गेलेल्या एका जनुकातले फरक यांवर बरीच अवलंबून असते.

गोळी संध्याकाळी ठरलेल्या वेळी घ्यावी. यामागचे कारण अगदी व्यवहारी आहे: सकाळी रक्त दिले, दुपारी अहवाल आला आणि डॉक्टरांनी फोनवर मात्रा बदलली, तर ती त्याच दिवशी लागू करता येते.

चौथी पायरी: तपासणी नीट करून घ्या

हा माझ्या पेशाचा भाग असल्याने थोडी रेंगाळते. आयएनआरसाठी उपाशी राहावे लागत नाही. रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात, कारण तिच्यात सोडियम सायट्रेटचे द्रावण असते. ते नऊ भाग रक्ताला एक भाग अशा मापाने भरलेले असते. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेटचे प्रमाण जास्त होते आणि आयएनआर उगाचच वाढलेला दिसतो. शीर सापडत नसली की घाईत नळी अर्धीच भरली जाते, अशा वेळी रुग्णाने "खुणेपर्यंत भरली का?" असे विचारले तर चांगला तंत्रज्ञ रागावत नाही, दुसरी नळी घेतो. आधी टोचून रक्त बराच वेळ शोधावे लागले असेल, तर नळीतच बारीक गुठळी होऊन निकाल बिघडू शकतो. एखादा आकडा मागच्या सगळ्या आकड्यांशी फटकून आला आणि घरात वेगळे काहीच घडलेले नसेल, तर आधी तपासणी पुन्हा करावी आणि मग मात्रेला हात लावावा.

अहवालावर 'पीटी', म्हणजे रक्त गोठायला लागलेला वेळ, सेकंदांत दिलेला असतो आणि त्याखाली आयएनआर असतो. सेकंद वापरलेल्या रसायनावर अवलंबून असतात, म्हणून दोन प्रयोगशाळांचे सेकंद जुळत नाहीत. हा घोळ मिटवण्यासाठीच जागतिक आरोग्य संघटनेने 1983 मध्ये आयएनआर ही समान मोजपट्टी स्वीकारली. तरीही शक्यतो एकाच प्रयोगशाळेत जावे. ज्याला ही औषधे चालू नाहीत त्याचा आयएनआर 1 च्या आसपास असतो. एट्रियल फिब्रिलेशनसाठी तो 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात आणि मायट्रलच्या जागी बसवलेल्या धातूच्या झडपेसाठी साधारण 2.5 ते 3.5, आपली मर्यादा डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी. अहवालावर छापलेली 'सामान्य मर्यादा' आपल्यासाठी नसते. 2.6 च्या पुढे छापलेले 'जास्त' वाचून गोळी बंद केलेले एक गृहस्थ पंधरा दिवसांनी बोलताना अडखळू लागले म्हणून त्यांना रुग्णालयात न्यावे लागले, आणि तो अहवाल मीच त्यांच्या हातात दिला होता. त्यानंतर मी प्रत्येक अहवालावर पेनाने 'डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बदल करू नये' असे लिहू लागले.

सुरुवातीला दर काही दिवसांनी, मग आठवड्याने, आणि आकडा स्थिरावला की चार आठवड्यांनी तपासणी असा साधारण क्रम असतो. शेवटचे दहा आकडे पाहावेत. सहा-सातही मर्यादेत नसतील तर डॉक्टरांशी कारण शोधावे, आणि झडपेचा अडसर नसेल तर नव्या गोळीबद्दल विचारावे.

पाचवी पायरी: पालेभाजी सोडू नका, तिचे प्रमाण सांभाळा

'हिरवी भाजी पूर्ण बंद' हा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो चुकीचा आहे. पालक, मेथी, चाकवत, अळू, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, कोबी यांत 'के' जीवनसत्त्व असते हे खरे, पण डॉक्टर मात्रा बसवतात ती तुमच्या नेहमीच्या जेवणावर. आठवड्यातून तीनदा पालेभाजी खाणाऱ्याने तीनदाच खात राहावे. भाजी तोडली की आयएनआर चढतो, अचानक वाढवली की उतरतो.

आपल्याकडे अडचण येते ती पंचांगामुळे. पुष्कळ घरांत श्रावणात पालेभाजी वर्ज्य असते, सोमवार-शनिवारचे उपवास असतात, आणि महिनाभर साबुदाणा, वरी, शेंगदाणे यांवर भर असतो. पुढे भाद्रपदात गौरी-गणपतीला अळूचे फदफदे आणि ऋषिपंचमीची भाजी. वडिलांच्या वहीत सलग तीन वर्षे श्रावणात आयएनआर 3 च्या वर गेलेला आणि गणपतीनंतर 2 च्या खाली आलेला दिसला, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले. चौथ्या वर्षी आईने त्यांच्यापुरती मेथी चालू ठेवली. देवाची काही हरकत दिसली नाही. ज्यांना व्रत मोडायचे नसेल त्यांनी डॉक्टरांना आधी सांगून श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात एक जादा तपासणी करावी. वारीला पायी जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आयएनआर पाहावा, गोळ्या पावसात भिजणार नाहीत अशा डबीत न्याव्यात आणि परतल्यावर लगेच पुन्हा तपासावे, कारण जवळपास तीन आठवडे जेवण, पाणी आणि श्रम सगळेच बदललेले असते.

मद्य घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना खरे सांगावे. लसूण आणि हळद स्वयंपाकापुरती चालते. त्यांचे अर्क भरलेल्या कॅप्सूल, जिंकोच्या गोळ्या आणि घटकांची नावे नसलेले काढे मात्र विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

सहावी पायरी: दुसरे कोणतेही औषध घेण्याआधी थांबा

एका दुपारी माझ्या यंत्रावर 7.4 आकडा आला. मी नमुना पुन्हा लावला, पुन्हा तोच. फोन केला तेव्हा आजींनी आवाजही न चढवता सांगितले, "सकाळी दात घासताना जरा रक्त येतंय, बाकी ठीक आहे." चार दिवसांपूर्वी जुलाब लागले म्हणून त्यांना जवळच्या दवाखान्यातून मेट्रोनिडॅझोल मिळाले होते, आणि 'मला गुठळीची गोळी चालू आहे' हे सांगायचे राहिले होते. मेट्रोनिडॅझोलने यकृतात वॉरफरिनचा निचरा मंदावतो. त्यात जुलाबांमुळे जेवण तुटलेले. दोन्हींनी मिळून आकडा वर नेला. डॉक्टरांनी गोळी थांबवून लगेच बोलावले म्हणून पुढचे टळले.

असाच आयएनआर वाढवणारी इतर औषधे म्हणजे को-ट्रायमोक्साझोल, फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि हृदयाच्या तालासाठी दिले जाणारे अॅमिओडॅरोन. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन याच्या उलट आयएनआर खाली ओढते, आणि तेही इतके की मात्रा बरीच वाढवावी लागते. रिफॅम्पिसिन बंद झाल्यावर ती पुन्हा उतरवायला विसरले की संकट ठरलेले. फिटांसाठीची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यांचाही परिणाम होतो. नवी औषधेही रिफॅम्पिसिनपुढे निष्प्रभ होतात.

मात्र रोजच्या आयुष्यात सर्वांत धोक्याच्या मला वाटतात त्या गुडघेदुखी-कंबरदुखीच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या आयएनआरमध्ये दिसत नाहीत, पण पोटाच्या अस्तराला इजा करतात आणि प्लेटलेटचे काम मंदावतात. दुखण्यावर पॅरासिटॅमॉल बरे. तेही रोज, जास्त मात्रेत आणि अनेक दिवस घेतले तर आयएनआर थोडा चढू शकतो. दंडात किंवा कमरेत खोल टोचायचे इंजेक्शन शक्यतो टाळावे, कारण स्नायूत रक्त साकळते.

नवे औषध, विशेषतः प्रतिजैविक, सुरू झाले की तीन ते पाच दिवसांत आयएनआर पाहावा आणि ते बंद झाल्यावर पुन्हा एकदा.

सातवी पायरी: नवी गोळी असेल तर तिचे वेगळे नियम

आयएनआर नसला तरी शिस्त लागतेच, किंबहुना अधिक लागते, कारण या औषधांचा प्रभाव दिवसभरात ओसरतो. रिव्हारोक्साबॅनची 15 किंवा 20 मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यावी; रिकाम्या पोटी ती पुरेशी शोषली जात नाही. उपवासाच्या दिवशीही फराळाच्या भरल्या ताटाबरोबर घ्यावी. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून पूड घेऊ नये आणि तिला दमट हवा चालत नाही, म्हणून ती आठवड्याच्या प्लास्टिकच्या डब्यात आधीच काढून न ठेवता घ्यायच्या क्षणीच पाकिटातून काढावी. कोकणातल्या पावसाळ्यात हा नियम कसोशीने पाळावा.

एपिक्साबॅनची नेहमीची मात्रा 5 मिलिग्रॅम दोन वेळा असते. वय 80 किंवा अधिक, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा अधिक, यांतल्या दोन गोष्टी असतील तर ती 2.5 करतात. आपल्याकडे साठ किलोच्या आतले वृद्ध पुष्कळ, म्हणून दर भेटीला वजन करावे. पण फक्त 'वय झाले' म्हणून मात्रा निम्मी करणे बरोबर नाही, त्याने संरक्षणही घटते. ही सारी औषधे कमीअधिक प्रमाणात मूत्रपिंडातून बाहेर पडतात. क्रिएटिनिनवरून काढलेली मूत्रपिंडाची क्षमता 60 च्या खाली असेल तर तिला दहाने भागून येईल तितक्या महिन्यांनी तपासणी करावी, म्हणजे 40 असेल तर चार महिन्यांनी.

गोळी चुकली, दात काढायचा आहे, दिवस गेले आहेत

वॉरफरिन किंवा अॅसिट्रॉम त्या रात्री आठवले तर घ्यावे. दुसऱ्या दिवशी आठवले तर सोडून द्यावे, दुप्पट घेऊ नये, वहीत लिहावे. नव्या गोळ्यांपैकी दिवसातून दोनदा घ्यायची असेल तर सहा तासांच्या आत, एकदा घ्यायची असेल तर बारा तासांच्या आत घेता येते. पुढचा डोस मात्र नेहमीच्या वेळी.

साधा एखादा दात काढण्यासाठी गोळी सहसा थांबवत नाहीत. आयएनआर आदल्या एक-दोन दिवसांत पाहतात आणि जखमेवर दाब, टाका किंवा रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडची गुळणी यांवर भागते. दंतवैद्याने सरसकट 'पाच दिवस बंद करून या' असे सांगितले तर हृदयाच्या डॉक्टरांना फोन केल्याखेरीज ते मानू नये. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी वॉरफरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात. एट्रियल फिब्रिलेशनच्या बहुतेक रुग्णांना मधल्या काळात हेपॅरिन या गुठळीरोधक औषधाची इंजेक्शने लागत नाहीत, हे 2015 मधल्या एका चाचणीने दाखवले. मायट्रलच्या धातूच्या झडपेला मात्र ती बहुधा लागतात.

झडपेचा आजार तरुण मुलींनाही असतो, म्हणून हे सांगितलेच पाहिजे: वॉरफरिन गर्भाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, अपाय करू शकते, आणि धातूची झडप असताना ते मनाने बंद करणे आईच्या जिवावर बेतू शकते. मूल हवे असेल तर दिवस जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, आणि पाळी चुकली तर त्याच आठवड्यात. नव्या गोळ्या गरोदरपणात देत नाहीत.

धोक्याच्या खुणा आणि खिशातले कार्ड

दाबून धरूनही दहा-पंधरा मिनिटांत न थांबणारे रक्त, डांबरासारखी काळी शी, लालसर लघवी, आपोआप उठणारे मोठे काळेनिळे डाग, यांसाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते. डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जावे, कारण मेंदूभोवतीचे रक्त हळूहळू साचते. 'म्हातारे पडतात म्हणून गोळी नको' असे मात्र म्हणू नये. 1999 मधल्या एका गणिती अभ्यासाप्रमाणे, पडण्याच्या धोक्याने वॉरफरिनचा फायदा बुडण्यासाठी माणूस वर्षातून सुमारे 295 वेळा पडावा लागेल. न्हाणीघरात दांडी बसवणे हा त्यावरचा खरा उपाय.

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात खाली गळणे, जीभ जड होणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे हा पक्षाघात आहे, मग तो पाच मिनिटांत ओसरला तरी. घरी डोके चोळत बसू नये, पाणी पाजू नये, अॅस्पिरिन देऊ नये. 108 ला फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते. वॉरफरिन किंवा अॅसिट्रॉमवर असलेल्या माणसाला ते देण्यापूर्वी डॉक्टर आयएनआर पाहतात, आणि तो 1.7 च्या वर असेल तर देत नाहीत. अशा वेळी मोठ्या केंद्रांत नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा पर्याय पाहिला जातो. रक्तस्राव निघाला तर 'के' जीवनसत्त्व, प्लाझ्मा किंवा गोठण-घटकांचे मिश्रण देऊन वॉरफरिनचा परिणाम उलटवता येतो, आणि डॅबिगॅट्रानला स्वतंत्र उतारा आहे. पण यातले काय करायचे हे ठरवायला डॉक्टरांना दोन गोष्टी पहिल्याच मिनिटाला लागतात: गोळीचे नाव आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली.

वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात मी पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचे एक कार्ड प्लास्टिकमध्ये घालून ठेवत असे. वर नाव, वय आणि रक्तगट. खाली 'अॅसिनोकुमॅरॉल, रोज रात्री 8 वाजता, एट्रियल फिब्रिलेशनसाठी'. मग शेवटचा आयएनआर आणि तारीख पेन्सिलीने, म्हणजे दर महिन्याला खोडता येईल अशी. आणि सर्वांत खाली माझा व डॉक्टरांचा फोन नंबर. सदरा धुवायला टाकताना खिसा तपासून कार्ड दुसऱ्या सदऱ्यात घालणे हे आईचे काम होते.